अल्टरनेटरचा रंग

“रंग मारून देऊ का? एकदम नव्यासारखा दिसेल.” माझ्या जुन्या गाडीचा अल्टरनेटर बाकावर ठेवल्या ठेवल्या ऑटो-इलेक्ट्रिशियनने विचारलं. बेअरिंग वाजतंय की कार्बन झिजलेत, हे त्याने अजून बघितलंही नव्हतं. मी अल्टरनेटर पिशवीत घातला आणि घरी आणून स्वतःच खोलला.

हे काम घरी करण्यात फार मोठी विद्या नाही. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढायची, उघडण्यापूर्वी दोन्ही झाकणांवर जुळणीची खूण करायची, पुलीचा नट सोडवताना घाम गाळायचा, हे हौशी माणसाला ठाऊक असतं. रोटरच्या दोन कड्यांमध्ये मल्टिमीटरने मोजके ओहम भरले पाहिजेत. कडं आणि शाफ्ट यांच्यात मात्र वीज अजिबात जाता कामा नये. डायोडमधून ती एकाच दिशेने जावी. बेअरिंग पुलरने ओढायचं, नवं बसवायचं. यावर माझं कुणाशी भांडण नाही. भांडण आहे ते रंगाशी.

डायनॅमोच्या काळात रंगाला काही अर्थ होता. त्याचं बाहेरचं नळकांडं लोखंडी, कारण चुंबकीय क्षेत्राची वाट त्यातूनच जायची. लोखंड उघडं राहिलं की गंजणार, म्हणून त्याला काळा रंग. 1960 साली क्रायस्लरच्या व्हॅलियंटमध्ये अल्टरनेटर आला आणि हळूहळू डायनॅमो मोडीत निघाला. आपल्याकडे तो आणखी बरीच वर्षं रेंगाळला. अल्टरनेटरची झाकणं ओतीव अॅल्युमिनियमची. हा धातू स्वतःच्याच ऑक्साइडचं पातळ कवच पांघरून बसतो. त्याला आणखी कशाला नटवायचं? उलट त्रासच. बहुतेक गाड्यांत ही झाकणं म्हणजेच निगेटिव्ह बाजू; ब्रॅकेटला टेकणाऱ्या कानावर रंग बसला की अर्थिंग कच्चं होतं. शिवाय पट्ट्याने दिलेल्या शक्तीचा मोठा हिस्सा उष्णता होऊन वाया जातो, आणि ती बाहेर टाकायला ही झाकणं लागतात. रंगाचे जाड थर चढवले की आतले डायोड जास्त तापतात.

नवं दिसणं आणि नीट असणं यांत मी नेहमी भेद करतो. सेकंडहँड मालाच्या बाजारात हा भेद पुसायचं काम रंग करतो. तिथे चंदेरी चमकणारा अल्टरनेटर दिसला तर पुलीच्या खाचेत बघावं. खाचेतही रंग असेल, आणि झाकणं आवळणाऱ्या लांब बोल्टांच्या डोक्यांवरून तो अखंड गेला असेल, तर रंगानंतर तरी तो कुणी उघडलेला नाही, आणि आधी उघडला होता याचा कसलाच पुरावा उरलेला नाही.

इलेक्ट्रिशियनची बाजूही मला माहीत आहे. त्याने ती मला दारातच ऐकवली. गिऱ्हाईक बेअरिंगचे पैसे देताना कुरकुरतं, रंगाचे हसत देतं. बेअरिंग दिसत नाही, त्याला तो तरी काय करणार? यावर माझं उत्तर एवढंच, की गिऱ्हाईक आंधळं आहे म्हणून त्याच्या डोळ्यांवर आणखी पट्टी बांधायची नसते. उत्तर ऐटबाज आहे, पण त्याचं दुकान माझ्या उत्तरावर चालत नाही, हेही खरं.

मग खोटेपणा रंग मारणाऱ्याच्या मनात असतो म्हणावं का? तेही पटत नाही. 2022 साली वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचा शेंदराचा जाड लेप उतरवला, तेव्हा आतून कितीतरी रेखीव रूप समोर आलं. तो लेप कुणी फसवायला चढवला नव्हता. पिढ्यान्‌पिढ्यांच्या भक्तीने तो साचला होता. लोकांनी जुन्या रूपालाही हात जोडले, नव्यालाही. म्हणजे निव्वळ मायेने चढलेला थरसुद्धा झाकतोच. तेव्हा हेतू तपासून भागत नाही. थर कशावर चढला आणि कशानंतर चढला, ते बघावं लागतं.

हे सगळं ठरवून मी झाकणं रॉकेलने घासून काढली. कॉस्टिक सोडा जाणून टाळला, तो अॅल्युमिनियम खातो. मळ गेल्यावर माझ्या सिद्धान्तालाच अडचण करणारी गोष्ट दिसली. दोन झाकणांच्या मधोमध स्टेटरच्या लोखंडी पत्र्यांची कड उघडी होती, आणि ती तांबूस गंजली होती. डायनॅमोचं लोखंड इथे कमरपट्ट्याएवढं का होईना, शिल्लक होतं. त्याला रंग हवाच होता. त्या लोखंडी कडेला हवा, तर झाकणांना नको का?

याचं उत्तर मला विमानांत सापडलं. त्यांची कित्येक इंजिनं फिकट राखाडी रंगवलेली असतात. फिकट पृष्ठभागावर तेलाचा ओघळ आणि बारीक तडा लगेच नजरेत भरतो. म्हणजे तोच डबा, तोच ब्रश, पण स्वच्छ धातूवर पातळ हात मारला तर पुढची गळती लपवण्याऐवजी तो चुगली करतो. माझ्या गाडीत अल्टरनेटरच्या वरच्या अंगाला इंजिनचं तेल झिरपण्याची जागा आहे. नुसत्या अॅल्युमिनियमच्या खरखरीत, डागाळलेल्या ओतकामात ते महिनोन्‌महिने कळलं नसतं.

तेव्हा मी रंगाच्या बाजूने झालो, पण अटी घालून. काळा नको, तो तेल गिळतो. कान, बेअरिंगची बैठक, रेक्टिफायर टेकतो ती जागा आणि टर्मिनलं टेप लावून कोरी ठेवायची. बोल्ट शेवटी, बिनरंगाचे घालायचे, म्हणजे पुन्हा पाना लागला की ते दिसेल. आणि रंग वाळल्यावर मागच्या झाकणावर पक्क्या मार्करने बेअरिंग बदलल्याची तारीख लिहायची. पुढचं गिऱ्हाईक तिच्यावर विश्वास ठेवणार नाही, आणि त्याने ठेवूही नये. चार बोल्ट काढून त्याने खुशाल आत बघावं.