सेवा कोणाची, निवाडा कोणाचा?

आमच्या परभणीकडे रुग्णालयातल्या परिचारिकांची स्तुती करायची झाली, की वक्त्याला हमखास जनाबाई आठवते. गंगाखेड हे जनाबाईचे गाव, तेव्हा ते साहजिकही आहे. गोदेकाठची ही पोर नामदेवांच्या घरी राबली, आणि तिच्या जात्याला हात लावायला प्रत्यक्ष विठ्ठल आला, अशी कथा. ‘सिस्टर म्हणजे आजच्या जनाबाई’ असे वाक्य येते, टाळ्या पडतात, शालनारळ होतो.

मला ही तुलना अर्धीच पटते. सेवा हा शब्द फार गोड आहे, आणि म्हणूनच थोडा फसवाही. ज्याला आपण सेवक म्हणतो, त्याच्याकडे आपण काम मागतो. त्याचे मत मागत नाही. खरे तर जनाबाईवरही हा अन्यायच. दासी म्हणवून घेणारी ती बाई विठ्ठलाला चार शब्द सुनवायला कमी करीत नसे. पण शाल देणाऱ्यांना ती जनाबाई नको असते.

रात्रपाळीचीच गोष्ट घ्या. असाध्य दुखण्याने खंगलेला एक शेतकरी खाटेवर आहे. ‘ताई, बाबांना यातलं काही कळू देऊ नका,’ असे मुलगा बजावून गेला आहे. डॉक्टर यायचे ते सकाळी. आणि पहाटे तीनला म्हातारा विचारतो, ‘बाई, पेरणीला घरी जाईन का हो मी?’ खरे सांगावे तर मुलाला दिलेला शब्द मोडतो. खोटे सांगावे तर म्हाताऱ्याचा विश्वास. शहाणी परिचारिका उलट विचारते, ‘घरी काय काम राहिलंय, बाबा?’ मग तो कोणत्या मुलाच्या नावे काय करायचे राहिले, ते सांगू लागतो. त्याला किती ठाऊक आहे आणि किती जाणून घ्यायचे आहे, हे तिला त्यातून उमगते. सकाळी डॉक्टरांना आणि मुलाला काय सांगायचे, तेही ठरते. याला नुसती सेवा कसे म्हणावे?

आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने १९५३ साली नीतिसंहिता केली, तेव्हा डॉक्टरांच्या आज्ञा निष्ठेने पाळणे हे परिचारिकेचे एक कर्तव्य सांगितले होते. अनीतीच्या कामाला नकार द्यावा, असेही होते. १९७३ साली ती नव्याने लिहिली गेली आणि परिचारिकेची पहिली जबाबदारी शुश्रूषेची गरज असलेल्या माणसाशी, असे ठरले.

त्याच वर्षी, २७ नोव्हेंबरला, मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानभाग या तरुण परिचारिकेवर तिथल्याच एका सफाई कामगाराने गळ्याला साखळी आवळून अमानुष हल्ला केला. मेंदूचा प्राणवायू तुटला. वाचा गेली, दृष्टी गेली. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने मृत्यू येईपर्यंत, म्हणजे ४१ वर्षांहून अधिक काळ, केईएमच्या परिचारिकांनी तिला सांभाळले. महापालिकेने तिला हलवून खाट मोकळी करू पाहिली, तेव्हा त्या आडव्या उभ्या राहिल्या. पुढे तिला भरवणाऱ्यांत कितीतरी मुली अशा होत्या, की ज्यांचा १९७३ साली जन्मही झाला नव्हता.

लेखिका पिंकी विराणी यांनी तिचे अन्न थांबवून तिला सुटू द्यावे, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात केली. तीही कळवळ्यानेच केली होती. तिला क्रूर म्हणणे मला जमत नाही. न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी ती फेटाळली. अरुणाच्या वतीने बोलण्याचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचा, आणि पुढे त्यांचेच मन बदलले तर त्यांनी मुंबई उच्च न्यायालयाकडे जावे, असे सांगितले. रुग्णालयात मिठाई वाटली गेली, केक कापला गेला. हा तिचा पुनर्जन्म, असे परिचारिका म्हणाल्या.

त्या मिठाईने मी थोडा अस्वस्थ झालो, हे सांगितलेच पाहिजे. न्यायालयाने त्यांच्या हाती आनंदापेक्षा ओझेच अधिक दिले होते. रोज घास भरवणारा हात कधी ‘आता पुरे’ म्हणू शकेल का? माया माणसाला आंधळेही करते. तरीही त्यांचा कौल मला मान्य आहे. केवळ मायेपोटी दिला असता तर नसता. आवडता घास मिळाला की तिच्या चेहऱ्यावर ते दिसते, खोलीत फार माणसे आली की ती कावरीबावरी होते, हे त्यांना रोजच्या निरखण्यातून ठाऊक होते. हा पुरावा दुसऱ्या कोणाजवळ नव्हता.

पुढे ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि उपचार थांबवण्याची रीत घालून दिली. २०२३ साली ती सोपी केली. नातेवाइकांची संमती लागते, डॉक्टरांची दोन मंडळे लागतात. परिचारिकेची खुर्ची त्या मंडळांत नाही. ती घालाच, असा माझा हट्ट नाही. पण कागदावर सही करण्याआधी डॉक्टरांनी रात्रपाळीच्या बाईंना गाठावे. हा माणूस घास गिळतो का, कोणाच्या आवाजाकडे मान वळवतो, कूस बदलताना कुठे कण्हतो, एवढे विचारावे. बहुधा ते त्यांच्या नोंदवहीत आधीच लिहिलेले असते.