वकील भाऊ गप्प राहिला तर

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



वासण्यातल्याच एका गुरुभगिनीने परवा आरतीनंतर मन मोकळं केलं. नाव घालू नका, पण लिहा, म्हणाली.

तिच्या मुलीला स्थळ आलं. त्या घरचं काम पूर्वी तिच्या सख्ख्या भावाकडे होतं. भाऊ वकील. हिनं विचारलं, "दादा, माणसं कशी आहेत? काही देणं-बिणं?" दादा एवढंच म्हणाले, "पक्षकारांबद्दल मी बोलत नाही. तुम्ही चौकशी करा." लग्न झालं. वर्षभरात कर्ज बाहेर आलं, पोरीचे दागिने गेले. तेव्हापासून बहीण-भावाचं बोलणं बंद.

सख्ख्या भाचीपेक्षा पक्षकार मोठा का?

मीही आधी बहिणीच्याच बाजूने होतो. मग कायदा वाचला. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम १२६, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १३२. पक्षकाराने कामासाठी सांगितलेलं त्याच्या स्पष्ट संमतीशिवाय वकिलाने उघड करायचं नाही, आणि काम संपलं तरी हे बंधन संपत नाही. कायद्यातली उदाहरणं मोठी बोलकी आहेत बरं का. "मी खोटा दस्त केलाय, माझा बचाव करा" असं कोणी म्हणालं, तर ते गुपित राखायचं, कारण दोषी माणसाचा बचाव करणं हा गुन्हा नाही. पण "या खोट्या दस्तावर मला मिळकत मिळवून द्या" म्हणाला, तर तिथे संरक्षण नाही. झालेलं पाप कबूल करणारा आणि पुढच्या पापात सोबत मागणारा, यांत कायद्याने फरक केलाय.

हे बंधन मोडलं तर बार कौन्सिलची शिस्त समिती आहे. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याच्या कलम ३५ खाली ताकीद मिळते, सनद काही काळ निलंबित होते, नाहीतर वकिलांच्या यादीतून नावच जातं.

आपल्या शेजारी अहमदाबादला २०२५ मध्ये पोलिसांनी एका वकिलालाच नोटीस काढली, पक्षकाराच्या प्रकरणाची माहिती द्यायला या म्हणून. गुजरात हायकोर्टाने ती रद्द केली नाही. पुढे ३१ ऑक्टोबरला आपल्या अमरावतीचे, तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने ती रद्द केली. कायद्यातले अपवाद सोडले तर पक्षकाराची माहिती काढायला वकिलाला बोलवायचं नाही, आणि अपवादातही किमान एसपी दर्जाच्या अधिकाऱ्याची संमती हवी, असं ठरवून दिलं. पोलिसांना जे मागता येत नाही, ते बहिणीने चहा घेता घेता मागावं का?

तरी माझ्या मनात कुसळ राहिलंच. दादांनी नुसतं "जरा थांब" म्हटलं असतं तर? हे मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "चांगल्या पक्षकाराबद्दल 'छान आहेत' म्हणालो आणि दुसऱ्याबद्दल गप्प बसलो, तर माझं गप्प बसणंच चहाडी होईल. म्हणून सगळ्यांबद्दल एकच उत्तर. चाळीस वर्षं."

बहिणीचं आता एकच मागणं आहे. "मला कर्जाचं माहीत नव्हतं" एवढं तरी दादाने म्हणावं, लगेच बोलायला लागते. मी तो निरोप पोचवला.

दादा बराच वेळ चष्मा पुसत होते. मग म्हणाले, "तेसुद्धा पक्षकाराबद्दलच बोलणं झालं रे." आणि भाचीचं कसं चाललंय ते विचारलं.