मीटर बदललंस, आता काय बदलणार?

इकडे ये. हातातलं फडकं खाली ठेव. नवं मीटर बसवलंस, डॅशबोर्ड जसाच्या तसा लावलास, एकही स्क्रू उरला नाही, हे सगळं पाहिलं मी. कौतुक नंतर करू. आता गाडीत बस, चावी फिरव आणि ब्रेक दाब. काटा आला ना खाली? जुन्या मीटरमध्येही हेच होत होतं. म्हणजे गिऱ्हाइकाचा खिसा रिकामा करून तोच दोष तू नव्या काचेतून दाखवतोयस. काय दिवे लावलेस!

‘ब्रेक मारला की पेट्रोल पुढे सरकतं सर, म्हणून काटा हलतो,’ असं म्हणाला होतास. तेव्हा मी गप्प बसलो, कारण उत्तर अर्धं बरोबर होतं. सरकतं पेट्रोल. चढावर, उतारावर, वळणावर टाकीतली पातळी कलते आणि फ्लोट तिच्याबरोबर जातो. पण आत्ता गाडी जागेवर उभी आहे. मग टाकीतलं पेट्रोल काय तुला घाबरून पुढे पळालं? उभ्या गाडीत ब्रेक दाबला तर वायरिंगमध्ये एकच गोष्ट घडते: मागचे दिवे लागतात. तिथेच थांबून विचार करायला हवा होतास. तू थेट डॅशबोर्डला हात घातलास. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

दुसऱ्या वर्षाला आहेस. सर्किट तरी सांगता येईल? मीटरकडून एक वायर मागे टाकीवर जाते. टाकीत फ्लोट, फ्लोटला दांडी, दांडीच्या टोकाला रेझिस्टन्सच्या पट्टीवर घासत फिरणारा कॉन्टॅक्ट. तिथून करंट बॉडीच्या अर्थला जातो. संपलं सर्किट. पातळी उतरली की या गाडीत रेझिस्टन्स वाढतो, करंट कमी होतो, काटा खाली येतो. त्या बिचाऱ्या काट्याला पेट्रोल दिसत नाही, त्याला फक्त रेझिस्टन्स कळतो. तो फ्लोटजवळ वाढला की गंजलेल्या बोल्टखाली, हे मीटरला कसं कळणार? ते कळायला माणूस लागतो. म्हणून तर तुला इथे शिकवतोय.

आता वहीत उतरव. मागच्या दिव्यांचा अर्थ आणि फ्लोट युनिटचा अर्थ या गाडीत एकाच बोल्टवर आहेत. ब्रेकचे २१ वॉटचे दोन दिवे १२ व्होल्टवर साडेतीन अँपिअर ओढतात. त्या बोल्टखाली गंजामुळे नुसता अर्धा ओहम जरी आला, तरी सुमारे दीड व्होल्ट तिथेच अडतो. दिवे जरा मंद होतात, ते कुणाच्या लक्षात येत नाही. पण फ्लोट युनिटचा ‘शून्य’ बॅटरीच्या निगेटिव्हपासून दीड व्होल्ट वर उचलला जातो आणि मीटरला वाटतं टाकी उतरली. पाय काढ, काटा पुन्हा वर. ओहमचा नियम पाठ आहे म्हणतोस ना? परीक्षेत लिहिण्याव्यतिरिक्त तो कधी वापरलायस?

आणि गिऱ्हाइकाने काय सांगितलं होतं आठव. ‘रात्री काटा कमी दाखवतो, दिवसा बरोबर असतो.’ जॉब कार्डवर तूच लिहिलंस, आणि लिहून हसलास. अरे, रात्री माणूस दिवे लावतो! त्याला भाषा येत नसेल आपली, पण निदान तो करून गेला होता.

करायचं काय होतं? सांगतो, ऐक. मागची सीट उचलायची. टाकीवरचं झाकण काढून फ्लोट युनिटच्या अर्थपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मल्टिमीटर व्होल्टवर लावायचा, चावी चालू ठेवायची आणि दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगायचं. चांगल्या अर्थवर हा आकडा ०.१ व्होल्टच्या आसपास किंवा खाली राहतो. तो उसळला की दोष सापडला. बोल्ट काढ, रंग आणि गंज घासून पत्रा उघडा कर, घट्ट आवळ, वर ग्रीस लाव. मीटर पाहायचंच असेल तर फ्लोट युनिटचा कपलर काढून बघ: या गाडीत वायर मोकळी सोडली की काटा तळाला जायला हवा आणि क्षणभर अर्थ केली की वर चढायला हवा. दोन्ही झालं की मीटर निर्दोष. डॅशबोर्डचा एक स्क्रूही काढायची गरज नव्हती.

‘या गाडीत’ म्हणालो, ते नीट ऐकलंस का? सगळीकडे हाच हिशेब लावशील आणि पुन्हा माझ्यासमोर उभा राहशील. युरोपात खूप चालणाऱ्या एका जातीच्या युनिटमध्ये रिकाम्या टाकीला १० ओहम आणि भरलेलीला १८० असतात. अमेरिकेतल्या जुन्या फोर्डमध्ये नेमकं उलट, रिकामीला ७३ आणि भरलेलीला १०. नव्या गाड्यांत तर फ्लोटचा आकडा आधी कंप्युटरकडे जातो, तो सरासरी काढून काटा सावकाश हलवतो. तिथे वायर अर्थ करायची नाही, स्कॅनर लावायचा.

अर्थ स्वच्छ करूनही काटा उड्या मारत असता, तर मग फ्लोट युनिट. ते टेबलावर घेऊन दांडी हळूहळू फिरवायची आणि ओहम बघायचे. मधेच आकडा गायब झाला तर पट्टी झिजली. यासाठी कपाटातला तो काट्याचा जुना मीटर काढत जा. आकड्यांचा मल्टिमीटर क्षणभराची तुटी गिळून टाकतो, जुना दाखवतो. पट्टी नुसती घासूनच खराब होते असंही नाही. २००४ साली अमेरिकेत लुइझियाना आणि फ्लोरिडात पेट्रोलमध्ये गंधक जास्त गेलं, युनिटमधले चांदीमिश्रित कॉन्टॅक्ट काळे पडले आणि अनेक गाड्यांचे काटे खोटे बोलायला लागले. तिथेही मीटर निर्दोषच होते.

आणखी एक. काल टाकीचं झाकण उघडं होतं आणि बाजूला तुझा टेस्ट लॅम्प लोंबत होता. पाहिलंय मी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खड्ड्यात साठते, आणि हवेत दीड टक्का मिसळली तरी ठिणगीला पुरते. युनिट बाहेर काढताना बॅटरीचा निगेटिव्ह आधी सुटलेला हवा. हे तिसऱ्यांदा सांगायची वेळ आली तर तू या शेडमध्ये नसशील.

मान खाली घालू नकोस, अजून संपलं नाही. तू बसवलेल्या मीटरमध्ये किलोमीटर शून्य आहेत, ते बघितलंस? जुन्यात लाखाच्या वर होते. उद्या हा माणूस गाडी विकायला गेला की घेणारा त्यालाच चोर म्हणेल. जुनं मीटर भंगारात टाकलं नसशील अशी आशा आहे.

ते आज परत बसव. मग मागची सीट उचल. बोल्ट तू घासायचास, मदतनिसाने नाही. आकडा आधी आणि नंतर, दोन्ही जॉब कार्डवर लिही. गिऱ्हाइकाला फोन मी करणार नाही, तू करशील. नव्या मीटरचे पैसे परत देतोय हे सांगशील आणि त्याचं बिल नव्याने करशील. एक बोल्ट घासल्याची मजुरी किती लावायची ते तूच ठरव, पण फोन लावण्याआधी आकडा मला दाखव.