रस्त्यावरची मैत्रीभावना

मन प्रसन्न राहावे म्हणून पतंजली मुनींनी चार भावना सांगितल्या आहेत : सुखी माणसाबद्दल मैत्री, दुःखी माणसाबद्दल करुणा, पुण्यवानाबद्दल आनंद आणि वाईट वागणाऱ्याबद्दल उपेक्षा. सत्संगात आपण हे ऐकतो तेव्हा आजूबाजूला ओळखीची माणसे असतात. रस्त्यावर ज्याच्याशी संबंध येतो तो अनोळखी असतो, काचेच्या आड असतो आणि दोन क्षणांत निघूनही जातो. सायकल चालवणाऱ्याला हे जास्त जाणवते, कारण त्याच्याभोवती गाडीचा पत्रा नसतो. त्याचा चेहरा, कपडे, घाम सगळे उघड्यावर.

वळण्यापूर्वी सायकलस्वाराने मागे पाहिले, हात दाखवला, ड्रायव्हरशी नजर मिळाली आणि तो थोडा हसला, तर पुष्कळदा गाडी थांबते. इतका वेळ रस्त्यातली अडचण असलेली सायकल एकदम माणूस होते. म्हणून ‘हसतमुख राहा’ हा सल्ला चांगलाच आहे. पण वाट मिळावी म्हणून केलेले हास्य ही मैत्री की व्यवहार? मी कॉमर्सचा विद्यार्थी, मला व्यवहारात वाईट काही दिसत नाही; देणे-घेणे चोख असेल तर दोघांचेही भले होते. फक्त व्यवहारात परतावा मिळाला नाही की राग येतो. आपण हसलो, तरीही कोणी हॉर्न वाजवत अंगावरून गाडी नेली, आणि पुढच्या चौकात आपला चेहरा तसाच प्रसन्न राहिला, तर त्याला मैत्री म्हणता येईल. उपेक्षा ही चौथी भावना इथेच उपयोगी पडते.

दिसण्याचा प्रश्न याहून अवघड आहे. इंग्लंडमधील बाथ विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ इयान वॉकर यांनी सायकलला अंतर मोजणारे यंत्र लावून, ओलांडणाऱ्या गाड्या किती जवळून जातात हे मोजले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, लांब केसांचा टोप घातल्यावर ते मागून स्त्रीसारखे दिसत, तेव्हा गाड्या जरा दुरून गेल्या. पुढच्या एका अभ्यासात सात वेगवेगळे पोशाख वापरले. नवशिका दिसो की सराईत, फारसा फरक पडला नाही. ज्या जाकिटावर ‘पोलीस’ हा शब्द होता आणि चित्रीकरण चालू असल्याचे लिहिले होते, त्यालाच लोकांनी जास्त जागा दिली. आणि पोशाख कोणताही असो, शंभरातल्या एक-दोन गाड्या ५० सेंटिमीटरच्या आतून गेल्याच. म्हणजे धाकाने थोडे अंतर वाढले, पण तेही सगळ्यांकडून नाही.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. रविवारी पहाटे हेल्मेट आणि रंगीत जर्सी घालून निघालेल्या गटाला गाडीवाले काच खाली करून कौतुकाने विचारतात, “किती किलोमीटर?” त्याच रस्त्याने हँडलला डबा अडकवून एखादा सुरक्षारक्षक रोज कामावर जातो, कदाचित जास्तच किलोमीटर. त्याला “ए, बाजूला हो” एवढेच ऐकू येते. रात्रपाळी करून परतणाऱ्या त्या माणसाला ‘हसतमुख राहा’ असे सांगणे मला अन्यायाचे वाटते. सुखरूप घरी पोहोचण्यासाठी कोणाला प्रसन्न दिसावे का लागावे? साधना म्हणून हास्य फार मोठे आहे, पण दुर्बळाकडून ते जकातीसारखे वसूल होऊ लागले की त्यातला धर्म संपतो.

गीतेतील समदर्शनाचा विचार आपण पाहणाऱ्याच्या बाजूने करतो. ज्याच्याकडे पाहायचे त्याने आधी काही सिद्ध करावे अशी अट तिथे नाही. रस्त्यावर पाहणारा म्हणजे स्टिअरिंगमागचा माणूस. आपल्यापैकी बरेच जण सेवेला आणि सत्संगाला गाडीनेच येतात, अनेकदा उशीर झालेला असताना. पुढे डबा अडकवलेली सायकल दिसली की वेग कमी करायचा, समोरून येणारी गाडी जाऊ द्यायची आणि भरपूर अंतर ठेवून पुढे जायचे. याला दहा-पंधरा सेकंद लागतात. तो मागे वळून पाहणार नाही, हात दाखवणार नाही. कोण गेले, हे त्याला कळणारही नाही.