गाणें आवडतें, गाणारा आवडतो काय?

पालघर किंवा बोइसर येथील एखाद्या शाळेच्या भिंतीवर वाचकांनीं वारली चित्र पाहिलें असेलच. त्यांत मध्यें तारपा वाजविणारा असतो आणि त्याच्याभोंवतीं वळसे घेणारी नाचणाऱ्यांची सांखळी. वाळलेल्या दुधी भोपळ्यास बांबूच्या नळ्या व ताडाच्या पानाचा कर्णा मेणानें जोडून हें वाद्य करितात. वादकानें सूर बदलला कीं पाउलें बदलतात, आणि तारप्याकडे पाठ करण्याचा प्रघात नाहीं. हें चित्र आज सर्वांस आवडतें. तें ज्यांचें, त्यांच्याविषयीं तितकीच आवड आहे काय, हा प्रश्न मात्र आम्हांस टोंचीत राहतो.

दूर देशींचा एक दाखला घेऊं. अमेरिकेंतील न्यू ऑर्लिन्स शहरीं काँगो स्क्वेअर नांवाच्या मैदानांत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत गुलाम आफ्रिकी लोक रविवारीं जमून ढोल वाजवीत व नाचत. गुलामगिरी १८६५ सालीं कायद्यानें उठली; काळ्या माणसास लाविलेला कमीपणा उठला नाहीं. शेतांतील कष्टकऱ्यांचीं गाणीं, ख्रिस्ती मंडळ्यांतील भक्तिगीतें व बँडचीं पितळी वाद्यें यांच्या मिलाफांतून विसाव्या शतकाच्या आरंभीं त्याच शहरीं जाझ संगीत उपजलें. १९१७ सालीं त्याची पहिली तबकडी निघाली. ती वाजविणारे पांचही जण गोरे होते. आणि त्यांचा म्होरक्या निक लारोका पुढें सांगूं लागला कीं, हें संगीत काळ्यांचें नव्हेच! न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबांत ड्यूक एलिंग्टन १९२७ पासून वाजवीत असे. वादक काळे, खुर्च्या मात्र गोऱ्यांकरितां. टाळ्या मोठ्या पडत.

कधीं कधीं ही टाळीच न्यायाच्या आड येते, असें आम्हांस वाटतें. ज्याचें गाणें ऐकून मन भरून आलें, त्याचें देणें फिटलें, असा भास तिनें होतो. तरी गाणें अगदींच निष्फळ म्हणवत नाहीं. १९५७ सालीं लिटल रॉक येथें काळ्या मुलांस शाळेंत येण्यास अडविलें, तेव्हां सदा हंसतमुख असणाऱ्या लुई आर्मस्ट्राँगनें सरकारास उघड शब्द सुनावले आणि सरकारतर्फे रशियास जाण्याचें नाकारिलें. ज्याचा कर्णा घरोघरीं ऐकिला होता, त्याचा राग न ऐकून कसें चालणार?

हेंच संगीत १९३५ सालीं लिऑन ॲबी याच्या ताफ्यानें मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत आणिलें. त्याच मुंबईपासून शंभर मैलांच्या आंत वारली तेव्हां वेठीस धरले जात होते. लग्नासाठीं काढलेल्या कर्जापायीं सावकाराकडे जन्मभर राबणाऱ्यास ‘लग्नगडी’ म्हणत. तारपा त्या काळींही वाजत होता, आणि जमीनदाराच्या कानीं तो पडतही असेल. वेठ सुटूं लागली ती १९४५ च्या मे महिन्यांत झरी येथें जमलेल्या हजारों वारल्यांनीं ती न करण्याचा निश्चय केला तेव्हां. आणि त्यापायीं ऑक्टोबरांत तलवाडा येथें गोळ्या सोसल्या तेव्हां. गोदावरी परुळेकर यांनीं ही हकीकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकांत लिहून ठेविली आहे, ती वाचावी.

आज पाहुण्यांच्या स्वागतास तारपा वाजविणाऱ्यास मानानें बोलावितात, ही चांगलीच गोष्ट. कार्यक्रम आटोपल्यावर तो कोणाच्या पंक्तीस बसतो, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याखालीं त्यानें जमिनीचा दावा केला असल्यास तो कोणत्या कचेरींत पडून आहे, एवढें तेथल्या तेथें त्याला विचारतां येईल.