पोहणं की स्नान?

सांगलीला आयर्विन पुलाजवळ उन्हाळ्यात आम्ही सकाळी कृष्णेत उतरतो. सासूबाई संकल्प करून तीन बुड्या मारतात, मी मात्र पाण्यावर पाठ टाकून आभाळ बघत राहते. "नदी देवता आहे गं, खेळायची जागा नव्हे," त्या म्हणतात. गुरू कन्या राशीत आला की नृसिंहवाडीला कन्यागत हे नदीस्नानाचं पर्व भरतं; २०१६ साली मीही त्या गर्दीत होते. पण बारा वर्षांनी येणारं ते पर्व मोठं आणि रोजचा हा आनंद हलका, हे मला पटत नाही. तैत्तिरीय उपनिषदातला भृगू तप करत अन्न, प्राण, मन, विज्ञान असं एकेक ओलांडतो आणि अखेर आनंदालाच ब्रह्म म्हणून ओळखतो. शिवाय पोहणाऱ्याला पाणी बिघडलेलं आधी कळतं, ते त्याच्या नाकातोंडात जातं. ज्या भक्तीला ते कळत नाही, तिला मी अपुरीच म्हणेन.