मंथरेचा डोळा

एक सवाल टाकतो. जखम ज्याला झाली, गुन्हा त्याच्याच नावावर कसा चढतो?

हिंदी पिक्चरमधली खाष्ट सासू म्हटली की ललिता पवार. तो बारीक डोळा पडद्यावर आला की कल्याणच्या चाळीतल्या आयाबाया अजून टीव्हीसमोर बोटं मोडतात. पण तो डोळा आला कुठून? बाई नायिका होती. १९४२ साली ‘जंग-ए-आझादी’च्या शूटिंगमध्ये भगवाननं तिला थोबाडीत मारायची होती. हात जोरात बसला. नस दुखावली, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली. वर्षानुवर्षं उपचार झाले. डोळा बारीक राहिला तो राहिलाच.

मग धंद्यानं काय केलं? नायिका म्हणून बाद केलं, डोळा मात्र ठेवून घेतला. कामावर झालेला अपघात दुष्टपणाची खूण म्हणून विकला. १९८७ साली टीव्हीवर ‘रामायण’ आलं, त्यातली मंथराही तीच.

ही रीत आपल्या ओळखीची आहे. आधी गावाबाहेर हाकललं, पाण्याला शिवू दिलं नाही, मग म्हणाले, ही माणसं घाणच राहतात. जखम त्यांनी केली आणि आमचा स्वभाव म्हणून सांगितली.

कुणी म्हणेल, स्वभाव चेहऱ्यावर दिसतोच. मग १९५९ सालचे दोन पिक्चर बघा. ‘अनाडी’त ती मिसेस डिसा, तोंडानं फटकळ, मनानं माय. त्याच साली बिमल रॉयच्या ‘सुजाता’त विटाळ पाळणारी बुआ. डोळा तोच, बाई तीच. म्हणजे डोळ्यात काही नव्हतं. जे होतं ते लिहिणाऱ्याच्या कागदावर आणि आपल्या नजरेत.

आणि मारणारा हात? भगवानदादाचा बाप गिरणी कामगार. ‘अलबेला’नं १९५१ साली त्याला वर नेलं, पुढं बंगला गेला, गाड्या गेल्या, तो किरकोळ भूमिका करत राह्यला. २००२ साली गेला तो दादरच्या चाळीतून. हातही राबणाऱ्याचा, गालही राबणाऱ्याचा. हिशेब मागायचा तर दोघांच्या वर बसलेल्या धंद्याला मागा.

‘सुजाता’त आणखी एक गोष्ट सलते. सुलोचनाबाईंनी केलेली आई वाचते ती अस्पृश्य पोरीच्या रक्तानं, तेव्हा कुठं पोर घरची होते. रक्त जुळलं नसतं तर? माणूसपण उपयोगी पडल्यावर मिळत असेल तर ते माणूसपण नव्हे, बक्षिशी आहे. बुआच्या भूमिकेवर थुंका, पण ती उभी करणाऱ्या बाईचं नाव आदरानं घ्या. भूमिका आणि माणूस वेगळे करता आले पाहिजेत. जातीनं तेच तर एक करून ठेवलंय.

आता स्वतःकडं बघू. ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंत जयंतीचे फलक लागतात, त्यावर नायकांचेच फोटो. मंडप बांधणारा, भाकऱ्या थापणारी, मोर्चात पोरगं कडेवर घेऊन चालणारी, यांची नावं कुठायत? बाबासाहेबांच्या चळवळीतल्या बायांना शोधत उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून हिंडल्या, तेव्हा १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक झालं. एवढी वर्षं त्या बायांना दुय्यम कुणी ठरवलं होतं? ब्राह्मणानं नव्हे. आपणच.

पुढच्या सभेच्या अहवालात पहिली ओळ त्यांच्या नावांची लिहा. भाषण कुणी केलं ते खाली येऊ द्या.